आईचं वय 74, आतड्याचा फिस्टुला: शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीहून आला आहे, मुलीने विचारलेला. आई 74 वर्षांची. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. वीसेक वर्षांपूर्वी गर्भाशय काढलेलं. गेल्या वर्षी पोटात डावीकडे खूप दुखलं, ताप आला, अँटिबायोटिक्सनी बरं वाटलं. पुढे काही महिन्यांनी योनीमार्गातून वारा सरू लागला, मग घाण वासाचं पाणी, आणि आता अधूनमधून शौचही येते. सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याचा डायव्हर्टिक्युलर आजार आणि तिथून योनीमार्गात उघडलेला फिस्टुला, म्हणजे दोन अवयवांमध्ये पडलेली नको ती वाट, असं निदान झालं. सर्जन म्हणतात, आतड्याचा तुकडा काढावा लागेल. मामा म्हणतात, या वयात पोट फाडू नका. आईला एकच भीती, शौच गोळा करायला पोटावर कायमची पिशवी लागेल. काय करावं?

आधी थेट उत्तर देतो. आई घरात हिंडती-फिरती असेल, जिना चढत असेल, हृदय आणि फुफ्फुसं बरी असतील, तर शस्त्रक्रिया करून घ्या. घाईने नको, तयारी करून. हा फिस्टुला आपोआप बुजण्याची शक्यता फार कमी असते. पिशवी लागलीच तर बहुतेक वेळा काही महिन्यांसाठी लागते, आणि ठरवून, तयारीनिशी केलेल्या शस्त्रक्रियेत पुष्कळदा लागतही नाही. 74 हा आकडा एकटा काही ठरवत नाही. माझ्याकडे येणारी कुटुंबं वयावर अडतात आणि ज्यावर अडायला हवं त्या गोष्टी, म्हणजे अशक्तपणा, हिमोग्लोबिन, साखर, चालण्याची ताकद, कोणी विचारतच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे झालं कसं, ते आधी. मोठ्या आतड्याच्या भिंतीत स्नायूचा थर असतो आणि त्यातून रक्तवाहिन्या आत शिरतात. त्या शिरतात तिथे भिंत कच्ची असते. झिजलेल्या टायरमधून ट्यूब बाहेर फुगावी तसं आतलं अस्तर त्या जागांमधून बाहेर येतं. हेच डायव्हर्टिक्युला. वयाबरोबर ते वाढतात आणि बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास देत नाहीत. आपल्याकडे आशियात ते उजव्या बाजूच्या आतड्यातही बरेच आढळतात, पण फिस्टुला होतो तो जवळपास नेहमी डाव्या बाजूच्या, एस आकाराच्या सिग्मॉइड भागातून. तिथला एखादा डायव्हर्टिक्युलम सुजला, फुटला, भोवती पू साठला, की ते आतडं शेजारच्या अवयवाला चिकटतं. पुवाला वाट हवी असते, ती त्याला त्या अवयवात मिळते. तुमच्या आईचं पोट दुखायचं थांबलं ते बहुधा यामुळेच. पू बाहेर पडला आणि कळ गेली. घरच्यांना वाटतं आजार गेला.

सिग्मॉइड आणि योनीमार्ग यांच्यामध्ये एरवी गर्भाशय असतं. ते काढलेलं असलं की योनीमार्गाचा वरचा, शिवून बंद केलेला शेंडा थेट आतड्यासमोर येतो. त्यामुळे योनीमार्गात उघडणारा हा फिस्टुला बहुतेक वेळा गर्भाशय काढलेल्या बायकांमध्येच दिसतो. त्या जुन्या ऑपरेशनमध्ये काही चूक झाली होती असा याचा अर्थ नाही. तेव्हाच्या डॉक्टरांवर राग धरू नका. एकूण पाहिलं तर या आजारात मूत्राशयात उघडणारा फिस्टुला सर्वांत जास्त, त्याच्या खालोखाल योनीमार्गातला. पुरुषांमध्ये मूत्राशयातला जास्त दिसतो, कारण मध्ये गर्भाशयाची आडकाठी नसते.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. या आजारात बाई शरीराने जेवढी खचते त्याहून जास्त लाजेने खचते. आपल्या घरांमध्ये देवाचं सोवळं-ओवळं पाळणारी बाई हा त्रास सुरू झाल्यावर देवघरात जायचं सोडते. चवथीला नैवेद्य सुनेला करायला सांगते, जत्रेला जात नाही, बसमध्ये बसत नाही, नातवंडांना जवळ घेत नाही, आणि कारण कोणालाच सांगत नाही. कितीतरी बायका महिनोन्‌महिने पॅड बदलत गप्प राहतात. डॉक्टरकडे गेल्या तरी ‘पांढरं जातं’ एवढंच सांगतात, मग वर्षभर त्याचीच औषधं चालतात. तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं, ही मोठी गोष्ट आहे. वयस्कर बाईला योनीमार्गातून वारा सरतोय, लघवीत बुडबुडे येतायत किंवा लघवीचं इन्फेक्शन वर्षात चारदा होतंय, तर नवीन अँटिबायोटिक लिहिण्याआधी आतड्याचा विचार व्हायला हवा. घरातल्या बायकांनाही हे माहीत हवं.

आता निदान पक्कं करण्याविषयी. सीटी स्कॅन ही मुख्य तपासणी. त्यात आतड्याची जाड झालेली भिंत, चिकटलेली जागा आणि योनीमार्गात किंवा मूत्राशयात नको तिथे हवा दिसते. गुदमार्गातून औषध सोडून केलेला सीटी अधिक माहिती देतो. फिस्टुलाचं तोंड मात्र खूपदा दिसत नाही, आणि ते दिसलं नाही म्हणून फिस्टुला नाही असं म्हणता येत नाही. शंका उरली तर योनीमार्गात कापूस ठेवून गुदमार्गातून निळं औषध सोडतात. कापूस निळा झाला की प्रश्न मिटला. मूत्राशयाकडची शंका असेल तर एक जुनी आणि भरवशाची चाचणी आहे. आपण शागुतीच्या मसाल्यात घालतो तीच खसखस, साधारण 50 ग्रॅम, दह्यातून खायला द्यायची आणि पुढचे दोन दिवस लघवी बघायची. लघवीत दाणे दिसले तर आतडं आणि मूत्राशय जोडलेले आहेत, यात शंका नाही. खर्च जवळपास शून्य. तुमच्या आईला लघवीची तक्रार नसली तरी सर्जनला हे विचारून ठेवा, कारण कधी कधी दोन्हीकडे वाट झालेली असते.

कोलोनोस्कोपी टाळू नका. फिस्टुला शोधायला तिचा फारसा उपयोग नाही. ती करायची कारण मोठ्या आतड्याचा कर्करोगही नेमका असाच शेजारच्या अवयवात शिरू शकतो आणि सीटीमध्ये दोन्ही सारखेच दिसू शकतात. कर्करोग असेल तर शस्त्रक्रिया वेगळी होते. तेव्हा चिकटलेला भाग सोडवून घ्यायचा नसतो, शेजारच्या अवयवाच्या तुकड्यासकट एकत्र काढायचा असतो. पोटदुखीचा आणि तापाचा जोर ओसरून साधारण सहा आठवडे झाले की ही तपासणी करतात. आतडं आकसलेलं असल्याने दुर्बीण पुढे गेली नाही, तर तसं स्पष्ट लिहून घ्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी कधी रेडिएशन घेतलं होतं का, हेही सांगा. रेडिएशनमुळे होणारा फिस्टुला हा वेगळा आणि जास्त अवघड आजार. क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार आणि आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग ही आणखी दोन कारणं डोक्यात ठेवावी लागतात.

शस्त्रक्रियेचा गाभा असा, की बिघाड आतड्यात आहे, योनीमार्ग बिचारा निरोगी आहे. म्हणून खालून, योनीमार्गाच्या बाजूने, भोक शिवून हा फिस्टुला बरा होत नाही. बाळंतपणात इजा होऊन गुदाशय आणि योनीमार्ग यांच्यात खालच्या बाजूला जो फिस्टुला होतो, त्याची दुरुस्ती खालून करता येते. नातेवाइकांपैकी कोणाचं तसं झालेलं असतं आणि मग सगळे विचारतात, ‘हिचंही तसंच का नाही करत?’ जागा वेगळी, कारण वेगळं. इथे सिग्मॉइडचा आजारी भाग काढून टाकायचा आणि निरोगी टोकं जोडायची, हाच उपाय.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगतो, म्हणजे सर्जनशी बोलताना तुम्हाला समजेल. आतडं योनीमार्गाच्या शेंड्यापासून सोडवतात. जुनाट सुजेत ते बऱ्याचदा बोटाने हळूहळू सुटतं. योनीमार्गाकडचं भोक इतकं बारीक असतं की कधी सापडतही नाही. सापडलं तर विरघळणाऱ्या धाग्याचे एक-दोन टाके पुरतात, नाही सापडलं तरी आतड्याचा स्रोत गेल्यावर ते स्वतःच बुजतं. मूत्राशयाचं असेल तर तेही बहुधा साधंच शिवता येतं, आणि मग लघवीची नळी आठवडा ते दोन आठवडे ठेवतात. डावी मूत्रवाहिनी त्याच जागेमागून जाते आणि सुजेत ओढली गेलेली असू शकते. म्हणून काही वेळा यूरॉलॉजिस्ट सुरुवातीला तिच्यात स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून देतात, जेणेकरून ती हाताला लागेल आणि जपली जाईल.

मग सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, कापायचं कुठून कुठपर्यंत. वरच्या टोकाला आतडं मऊ, न सुजलेलं लागेल तिथे कापतात. वरच्या भागात आणखी डायव्हर्टिक्युला असतील तरी ते सगळे काढायची गरज नसते. खालच्या टोकाला मात्र तडजोड नको. जोड गुदाशयाच्या वरच्या भागावरच यायला हवा, म्हणजे मोठ्या आतड्यावरच्या स्नायूंच्या तीन पट्ट्या जिथे पसरून एक होतात त्याच्या खाली. सिग्मॉइडचा थोडा तुकडा खाली उरला आणि त्यावर जोड केला, तर आजार परत येण्याचा धोका वाढतो. जोडावर ताण नको म्हणून आतड्याचं प्लीहेजवळचं वळण सोडवून घ्यावं लागतं. शेवटी ओटीपोटात पाणी भरून गुदमार्गातून हवा सोडतात. बुडबुडे आले नाहीत तर जोड पक्का. मग पोटातला चरबीचा पडदा आतडं आणि योनीमार्ग यांच्यामध्ये आणून ठेवतात. मला ही पायरी फार मोलाची वाटते. थोडाच वेळ लागतो, आणि नवा जोड जुन्या जखमेला चिकटून बसत नाही.

हे सगळं दुर्बिणीतून होऊ शकतं आणि वयस्कर माणसाला त्याचा फायदाही आहे. दुखणं कमी, छाती भरण्याचा धोका कमी, उठून चालणं लवकर. पण फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीने सुरू करून मधे पोट उघडावं लागण्याचं प्रमाण साध्या डायव्हर्टिक्युलर आजारापेक्षा जास्त असतं. तसं झालं तर अपयश समजू नका. चिकटलेल्या जागी हट्ट न धरता पोट उघडणारा सर्जन शहाणा.

आता पिशवीविषयी. तीन शक्यता असतात.

पहिली, आतडं जोडलं आणि पिशवी लागली नाही. तयारी करून केलेल्या शस्त्रक्रियेत, पू साठलेला नसताना, बऱ्याच रुग्णांचं असंच होतं. दुसरी, आतडं जोडलं पण जोडाला विश्रांती मिळावी म्हणून लहान आतड्याचा एक वेटोळा उजव्या बाजूला पोटावर काढला. ही तात्पुरती पिशवी. साधारण दोन-तीन महिन्यांनी छोट्या शस्त्रक्रियेने बंद करतात. यात वयस्कर बाईची एक वेगळी काळजी घ्यावी लागते. पिशवीतून पाणी आणि मीठ भरपूर जातं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तर बाई बघता बघता सुकते, मूत्रपिंडावर ताण येतो. ओआरएस घरात हवं, रोज किती बाहेर पडतं ते मोजायला हवं, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांना विचारायला हवं.

तिसरी शक्यता म्हणजे आतडं न जोडता वरचं टोक डावीकडे पोटावर काढायचं आणि खालचं बंद करायचं. फ्रेंच सर्जन आंरी हार्तमान यांनी 1921 साली मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातल्या कर्करोगासाठी सांगितलेली ही पद्धत आजही जीव वाचवते, पोटात पू किंवा मळ पसरला असेल आणि रुग्ण गंभीर असेल तेव्हा. पुढे आतडं जोडू असं त्यावेळी सांगितलं जातं, पण अशा रुग्णांपैकी तिसरा हिस्सा ते निम्म्या रुग्णांचं आतडं पुन्हा कधीच जोडलं जात नाही. वयस्करांमध्ये तर हे जास्तच. तुमच्या आईला जिची भीती आहे ती कायमची पिशवी बहुधा या मार्गाने येते, म्हणजे वेळेवर न केलेल्या आणि मग आणीबाणीत कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेतून. मामांना हे जरूर सांगा.

पिशवी लागो न लागो, आदल्या दिवशी पोटावर तिची जागा खूण करून घ्या. आईला बसवून, उभं करून, वाकवून, साडी किंवा परकर जिथे बांधते ती रेघ टाळून. झोपलेल्या पोटावर केलेली खूण उठल्यावर घडीत जाते आणि मग पिशवी गळत राहते. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढच्या कित्येक महिन्यांचं सुख त्यावर असतं.

तयारीला महिना-दीड महिना मिळतोय, तो वाया घालवू नका. साखर नियंत्रणात आणा. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) बघा, कमी असेल तर भरून काढा. रोज दोन वेळा चालणं आणि श्वासाचे व्यायाम, तीन छोट्या चेंडूंच्या त्या श्वास आत ओढायच्या उपकरणावर. खाण्यात प्रथिनं वाढवा: मासे, अंडी, डाळ, अळसांदे (चवळी), दही. सोमवार-एकादशीचे उपास या काळात बंद ठेवायला आईला राजी करा. आमच्या बायका शस्त्रक्रिया नीट व्हावी म्हणून जास्तीचे उपास धरतात आणि अशक्त होऊन टेबलावर येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो. नवस बोलायचाच तर शस्त्रक्रियेनंतर फेडायचा बोला. गुडघेदुखीच्या गोळ्या चालू आहेत का ते बघा. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आणि स्टिरॉइडने डायव्हर्टिक्युला फुटण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती केव्हा थांबवायची हे भूलतज्ज्ञ ठरवतील, तुम्ही परस्पर थांबवू नका. शस्त्रक्रियेआधी आतडं साफ करणारं औषध आणि त्याबरोबर तोंडाने अँटिबायोटिक दिल्यास जखम चिघळण्याचं प्रमाण कमी होतं, याबद्दल विचारा.

धोके लपवत नाही. सगळ्यात भीतीचा म्हणजे जोड सुटणं. ठरवून केलेल्या अशा शस्त्रक्रियांमध्ये ते साधारण शंभरात दोन ते सात जणांना होतं, आणि झालं तर पुन्हा शस्त्रक्रिया व पिशवी लागू शकते. जखमेत पू होणं, न्यूमोनिया, पायाच्या शिरेत गुठळी, हृदयाचा त्रास हे वयाबरोबर वाढतात. आणखी एका गोष्टीची घरच्यांना कल्पना नसते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आई अचानक असंबद्ध बोलू शकते, नळ्या उपटू शकते, तुम्हाला ओळखणार नाही. बहुतेकांमध्ये हे काही दिवसांत ओसरतं. चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवा, रात्री ओळखीचं माणूस बसू द्या, दिवसा पडदे उघडे ठेवा. सगळं सुरळीत गेलं तर बहुतेक जणी आठवड्याच्या आसपास घरी जातात. थकवा मात्र दोन-तीन महिने राहतो. योनीमार्गातला घाण स्राव आतड्याचा भाग काढल्यावर लगेचच थांबू लागतो. थोडं लालसर पाणी काही दिवस येतं, त्याने घाबरू नका. नीट जागी जोड केला असेल तर फिस्टुला परत होणं विरळा.

आणि आई खरोखरच शस्त्रक्रिया सोसण्याजोगी नसेल तर? हृदय खूप कमजोर, अंथरुणाला खिळलेली, स्मृतिभ्रंश पुढे गेलेला असेल तर मीही आतडं काढायचा आग्रह धरणार नाही. मूत्राशयातला फिस्टुला घेऊन, लागेल तेव्हा अँटिबायोटिक घेत, अशक्त वृद्ध काही वर्षं बऱ्यापैकी राहू शकतात. योनीमार्गातल्या फिस्टुलाने जिवाला सहसा धोका नसतो, पण त्रास रोजचा असतो. अशा वेळी फक्त पोटावर पिशवी काढून मळ वळवणं हा छोटा, कमी भुलीचा उपाय आहे. फिस्टुला त्याने सहसा बुजत नाही, पण खालून येणारी घाण थांबते आणि बाईला स्वच्छ राहता येतं. तेवढंही नको असेल तर शौच घट्ट ठेवणं, झिंक ऑक्साइडचं मलम, चांगले पॅड. हे ठरवताना आईला बाहेर बसवू नका. घाण तिच्या अंगाची आहे, निर्णयही तिचा.

खाण्याबद्दलचं एक शंकासमाधान. वांग्याच्या, टोमॅटोच्या, पेरूच्या बिया डायव्हर्टिक्युलात अडकतात ही समजूत अजून डॉक्टरांच्याही तोंडी असते. अमेरिकेत 47,000 हून जास्त पुरुषांवर 18 वर्षं लक्ष ठेवून केलेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाणे, मका, लाह्या खाणाऱ्यांना डायव्हर्टिक्युलायटिस, म्हणजे डायव्हर्टिक्युलाची सूज, जास्त होतो असं काही आढळलं नाही. बायकांनाही बिया वर्ज्य कराव्यात असं मी सांगत नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, न तिखट हुमण (माशांची आमटी), आणि मग हळूहळू भाज्या, कडधान्यं, सगळं.

गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, सर्जरी, यूरॉलॉजी, स्त्रीरोग हे विभाग एकाच आवारात आहेत. या आजारात तिघांचीही गरज पडू शकते, त्यामुळे तिथे दाखवून एकदा सल्ला घ्याच, मग शस्त्रक्रिया कुठेही करा. खाजगीत करायची असेल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड त्या रुग्णालयात चालतं का आणि पिशव्यांचा खर्च त्यात बसतो का, हे दाखल होण्याआधी विचारा. सर्जनला विचारा की जोड गुदाशयावर करणार ना, तात्पुरती पिशवी लागण्याची शक्यता किती वाटते, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर बघणार कोण.

शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत थंडी वाजून ताप, पोट फुगून उलट्या, लघवी कमी होणं किंवा एकाएकी झोपाळूपणा, यांपैकी काही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. जाताना गर्भाशयाच्या जुन्या ऑपरेशनचे कागद सापडले तर सोबत घ्या. ते पोटातून केलं होतं की खालून, आणि अंडाशय काढले की ठेवले, हे सर्जनला आधी कळलेलं बरं.